पाव इंचाला किंचित कमी

आमच्या कुळात ‘सगळ्यांनी मिळून’ असं कुणी म्हणालं की मी चपला शोधू लागतो. सगळ्यांनी मिळून कुलवृत्तान्त छापायचा ठरला, तेव्हा मुद्रितं मी तपासली. सगळ्यांनी मिळून कुलदेवतेला जायचं ठरलं, तेव्हा बसवाल्याशी मी भांडलो, आणि नेमका फोटोत मीच नव्हतो. यंदा सगळ्यांनी मिळून गोधडी शिवायची ठरली.

कारण गोड होतं. माझा पुतण्या व्यापारी जहाजावर अधिकारी, त्याची बायको अलिबागची, आणि त्यांच्या घरी पाळणा हलणार होता. न्यू जर्सीच्या पुतणीने कल्पना काढली. जगभर पांगलेल्या प्रत्येक घराने चिंध्या जोडून एकेक चौकोन शिवून पाठवायचा. तो साडेबारा इंचांचा, म्हणजे जोडणीत कडा गेल्या की बरोबर बारा. विषय समुद्र. सगळे चौकोन एकत्र आले की बाळाची दर्यावर्दी गोधडी तयार. लगेच व्हॉट्सॲपवर गट निघाला आणि तासाभरात समुद्राची वाटणी झाली. पुण्याने दीपगृह घेतलं, इंदूरने देवमासा, बंगळुरूने नांगर. अलिबागकरांनी कुलाबा किल्ला घेतला, तोही भरती-ओहोटीसकट. न्यू जर्सीने स्वतःकडे ‘मरिनर्स कंपास’ ठेवला. हे होकायंत्राच्या चक्राचं जुनं नामांकित नक्षीकाम. बत्तीस टोकं, आणि प्रत्येक टोक सुईला सुई भिडावं तसं जुळायला हवं. बनारसच्या वतीने माझ्या पत्नीने लिहिलं, ‘आम्ही होडी करतो.’

दुसऱ्याच आठवड्यात तिच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली.

“डॉक्टरांनी बारीक काम बंद सांगितलंय,” ती म्हणाली.

“मग कळवून टाक, बनारसची होडी रद्द.”

“इंदूर देवमासा देतंय आणि आपण रद्द? अहो, तुम्हाला तरी काय काम असतं?”

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाजवळ या प्रश्नाचं उत्तर नसतं. मी आईच्या वेळची पायाची मशीन माळ्याजवळच्या अडगळीतून ओढून काढली.

आता मुळात बनारस आणि समुद्र यांचा संबंध काय? आमचे पूर्वज पेशवाईत वेद घोकायला इथे आले आणि दुर्गाघाटावरच राहिले. समुद्र ओलांडला तर धर्म बुडतो, असं मानणारी ती मंडळी. ओलांडून आलेल्याला प्रायश्चित्त काय द्यायचं, यावर आमच्या खापरपणजोबांनी मत दिल्याचं घरात अभिमानाने सांगतात. त्यांचा वंशज आता दोन शिडांचं तारू शिवायला बसला होता. पण अगदीच संबंध नाही असंही म्हणवत नाही. दोन पावलांवर ब्रह्माघाटाला चक्क आंग्र्यांचा वाडा आहे. सरखेल कान्होजींनी कोकण किनाऱ्यावर इंग्रज-पोर्तुगीजांना सळो की पळो करून सोडलं आणि १७२९ साली डोळे मिटले. त्यांच्या आडनावाच्या वाड्यात आता आम्हा काशीकर मराठ्यांचा गणपती बसतो. गुराबा आणि गलबतं राहिली अलिबागला, आमच्या वाट्याला आरती आली. शिवाय सरकारदरबारी आम्ही समुद्राला जोडलेलेच आहोत. घाटाखालून वाहते ती गंगा १९८६ पासून राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ आहे, हल्दियापर्यंत जाणारा. २०२३ च्या जानेवारीत इथूनच ‘गंगाविलास’ नावाची क्रूझ निघाली आणि ५१ दिवसांत बांगलादेशमार्गे दिब्रुगढला पोचायची होती. ज्या गावात माणूस गोदौलियाहून चौकापर्यंत वेळेवर पोचत नाही, तिथून दिब्रुगढ.

पुतणीने नकाशा पाठवला. शीर्षकात ‘नवशिक्यांसाठी’ असं होतं, आणि तो शब्द मला लागला. आडवे चार, उभे चार, असे सोळा चौकोन. काही सरळ, काही दोन रंगांचे त्रिकोण जोडून केलेले. वरच्या ओळींतल्या त्रिकोणांची शिडं होतात, खाली तळ, उरलेलं आकाश आणि पाणी. त्यासाठी तीन पूर्णांक सात अष्टमांश इंचाचा चौकोन कापून तो कर्णावर दुभागायचा. सदतीस वर्षं चक्रवाढ व्याज काढलेल्या माणसाला सात अष्टमांशाची भीती कसली? भीती पुढच्या ओळीत होती : ‘शिलाई पाव इंच, किंचित कमी.’

मी फोन लावला. “किंचित म्हणजे किती?”

“काका, किंचित म्हणजे… एखाददोन धागे. कापड दुमडलं की तेवढं त्या घडीत जातं ना, म्हणून.”

“म्हणजे एक बत्तिसांश?”

“काका, ते हाताला कळतं.”

माझ्या हाताला आजवर नोटा कळत आल्या आहेत. ‘किंचित’ हा आकडा कुठल्या खात्यात लिहायचा, हे एकाही परिपत्रकात नव्हतं. मी पाव इंचाची रेघ मारली, आणि मशीन स्वतःच्या मनाने पाव इंचाहून जास्तच घेत राहिली.

पण आधी कापड. समुद्रासाठी निळं हवं म्हणून मी मदनपुऱ्याकडच्या एका साडीवाल्या गद्दीवर गेलो. पांढऱ्या गादीवर बसल्याशिवाय तिथे बोलणं सुरू होत नाही, चहा आल्याशिवाय मुद्दा निघत नाही आणि पान लावल्याशिवाय भाव सांगत नाहीत. मला फक्त दोन मूठ कातरण हवी होती.

“समुंदर बनावे के हौ,” मी म्हणालो.

शेठजींनी डोळे मिटले. “कउन रंग क समुंदर? आसमानी, फिरोजी, मोरपंखी, सुरमई?”

हा प्रश्न मला आधी पडला नव्हता. समुद्र पाहून मला बरीच वर्षं झाली होती, आणि रोज दिसणारं पाणी ऋतूप्रमाणे कपडे बदलतं. हिवाळ्यात ते हिरवट असतं आणि श्रावणात चहा सांडल्यावर उरतो त्या रंगाचं. गद्दीवरच्या सगळ्यांनी मतं दिली. एकजण मुंबईला मेव्हण्याकडे जाऊन आला होता. त्याच्या मते समुद्र राखाडी असतो आणि त्यात प्लास्टिक तरंगतं. कोपऱ्यातले चाचा समुद्र कधीच पाहिलेला नसल्यामुळे सर्वांत ठाम होते. “नीला. एकदम नीला. सिनेमा में देखले हई.” अखेर मोरपंखी रेशमी कतान ठरली.

“कातरण आहे, स्वस्तात द्या,” मी म्हणालो.

“कतरन मत कहा गुरु, ई कढुआ हौ. एक तागा ना निकली.”

कढुआ म्हणजे ज्यात प्रत्येक बुट्टी वेगळी विणतात आणि पाठीमागे धागे लोंबत नाहीत. फेकवा म्हणजे ज्यात ते पाठीवरून इकडून तिकडे फेकलेले असतात आणि मागाहून कापून टाकतात. मोठ्या विश्वासाने कात्री लावली, आणि पहिल्याच त्रिकोणातून इतके धागे निघाले की कढुआने त्या दिवशी रजा घेतली असावी. बनारसी साडीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, हे शेठजींनी दोनदा सांगितलं होतं. तो चिंध्यांनाही लागू होतो का, हे विचारायचं राहून गेलं.

रेशीम तिरकं कापलं की त्याला स्वतःचं मत येतं. कर्णाची बाजू हातात धरली की ती लांबते, सोडली तरी लांबलेलीच राहते, आणि इस्त्री फिरवली की तिसरीच कुठली तरी दिशा पकडते. मी खालून बकरम लावलं. कापड शहाणं झालं, पण होडी पुठ्ठ्याची झाली. शिडासाठी घेतलेल्या जरीच्या तुकड्यावर इस्त्री टेकवली तर घरभर वास सुटला. खरी जर असती तर नुसती तापली असती, ही इस्त्रीला चिकटून आली. उरलेल्या भागातून शिडं कापली तेव्हा बरोबर मध्ये कोयरी आली. एका शिडावर तिचं डोकं, दुसऱ्यावर शेपूट.

या साऱ्या काळात पत्नी डोळ्यांवर काळा चष्मा चढवून समोरच्या खुर्चीत बसलेली असे. तिला सुई दिसत नव्हती. चुकलेला टाका मात्र स्वयंपाकघरातून दिसत होता.

“उसवा.”

“कुठे?”

“ते तुम्हाला माहीत.”

पलीकडे आत्या जमिनीवर पाय पसरून बसलेली. वय नव्वदीकडे झुकलेलं. तिने आईचं जुनं नऊवारी लुगडं चौपदरी घातलं होतं आणि कडेपासून आत धावदोरा भरत चालली होती. टेप नाही, रेघ नाही, किंचित नाही. विचारलं तर म्हणे, “काही नाही, हात रिकामा होता.” आमच्या प्रकल्पावर तिचा मूळ आक्षेप तात्त्विक होता. “बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. बाळ येऊ दे, मग शिवा.” दुसरा व्यवहारी होता. “आणि नव्या कापडाची, तीही जरीची? पोराला टोचेल.” हे दोन्ही मी गटावर कळवलं नाही.

तळाची ओळ जोडून झाल्यावर माप घेतलं. साडेबाराऐवजी पावणेबारा. मी वही काढली. चार चौकोनांमध्ये शिवणी तीन. प्रत्येक शिवणीत पाव इंचाऐवजी पाव इंच अधिक एक अष्टमांश गेलं, तेही दोन्ही बाजूंनी, म्हणजे शिवणीमागे पाव इंच तूट. तीन पाव, पाऊण इंच. हिशेब तंतोतंत जुळला. एवढं बिनचूक काही त्या आठवड्यात माझ्या हातून झालं नव्हतं. मी समाधानाने वही बंद केली. पत्नी म्हणाली, “उसवा.”

शेवटी गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या शिंपी मास्टरजींकडे गेलो. मोठा अनुभवी माणूस. त्यांनी तो चौकोन उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला.

“ब्लाउज क पीठ हौ?”

“नाही. नाव आहे.”

“अच्छा.” थोडा विचार केला. “एम्मे फाल लगी?”

“होडीला फॉल कशाला?”

“त पिको क देईं. किनारे से तागा निकलत हौ.”

खरं तर तो त्या महिन्यातला सर्वांत उपयोगी सल्ला होता, पण होडीला पिको करून घेणारा इसम म्हणून मला घाटावर ओळख नको होती.

ती तरीही झाली. बनारसात खाजगी काम नावाची गोष्ट नसते. तुम्ही दाराशी बसून नखं कापलीत तरी येणारा-जाणारा उभा राहून अंगठ्याबद्दल काही सुचवून जातो. मी उजेडासाठी मशीन ओसरीत आणली होती, त्यामुळे दुधवाला, वायरमन, दत्त मंदिरातून परतणाऱ्या दोन बायका आणि एक रस्ता चुकलेला फ्रेंच पर्यटक अशी समिती आपोआप नेमली गेली. पर्यटकाने फोटो काढला आणि हात जोडले. तो काहीतरी धार्मिक समजला असावा.

पण खरा तज्ज्ञ संध्याकाळी आला. आमचा नेहमीचा माझी, म्हणजे नावाडी, पंचगंगा घाटावर ज्याची नाव लागते तो. तीन पिढ्या पाण्यावर. त्याने गमछ्याने हात पुसले, कापड हातात घेतलं आणि बराच वेळ काही बोलला नाही.

“ई का हौ, गुरु?”

“नाव.”

“हवा केहर से बहत हौ?”

मी नकाशा पाहिला. त्यात हवेचा उल्लेख नव्हता.

“देखा, एक पाल एहर, एक पाल ओहर. दुन्नो ओर से हवा बहत हौ का?” त्याने दोन्ही हात दोन दिशांना पसरून दाखवले. “ई नाव आगे ना जाई. घूमी. घूमत-घूमत बीच से फाट जाई.”

तो म्हणत होता ते शंभर टक्के खरं होतं. दोन शिडं एकमेकांकडे पाठ करून फुगली होती. आणि हे माझं नव्हे, मूळ नकाशातच होतं. कित्येक वर्षं जगभरच्या बायका हे तारू शिवत आल्या असतील, पण कुणाच्या दारात माझी येऊन उभा राहिला नसावा.

मग पुढची तपासणी झाली. सुकाणू नाही. लग्गी नाही. वल्हं मारायला माणूस नाही. “आ सवारी?” सवारीही नव्हती. “खाली नाव के लेके कहाँ जात हउआ?” पालावर आंबा का काढलाय, हेही त्याला कळेना. ती कोयरी आहे, हे मी सांगितलं तेव्हा त्याने कीव आल्यागत मान हलवली. जाताना उंबऱ्यावर थांबून म्हणाला, “आ थोड़ा टेढ़ो हौ.”

ते खरंच होतं. उसवाउसवीत तळ एका अंगाला झुकला होता. पण काशीत कललेल्या गोष्टीला मान आहे. मणिकर्णिकेशेजारचं रत्नेश्वराचं देऊळ चांगलं नऊ अंशांनी कललेलं आहे. आईचं ऋण फेडलं असा गर्व बांधणाऱ्याला झाला म्हणून ते कललं, असं सांगतात. जगभरचे लोक त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि सरळ उभ्या देवळांकडे कुणी ढुंकून पाहत नाही. शेजारचा शिंदे घाट तर स्वतःच्याच वजनाने खचला होता. मी ठरवलं, आपण ही परंपरा पुढे चालवायची. गटावर फोटो टाकून खाली लिहिलं : ‘वादळातली होडी. कल मुद्दाम दिला आहे.’

प्रतिक्रिया मिनिटात आल्या. पुण्याने लिहिलं, ‘कल्पना छान.’ पुण्यात हे कामाबद्दल बोलायचं टाळायचं असेल तेव्हा म्हणतात. इंदूरच्या वहिनींनी हसरे चेहरे टाकले, संख्या संशयास्पद होती. बंगळुरूने भरतकामाच्या संगणकी मशीनवर काढलेला नांगर दाखवला. दोर इतका खरा, की धरून ओढावा. न्यू जर्सीने सारी बत्तीस टोकं जुळवली होती आणि वर विनयाने लिहिलं होतं, ‘थोडं चुकलंय, पण चालेल.’ हे वाक्य ज्यांचं काहीच चुकत नाही असेच लोक लिहितात, असं माझं बँकेपासूनचं निरीक्षण आहे.

मग खुद्द पुतण्याचा संदेश आला. हिंदी महासागरातून कुठून तरी, रेंज मिळाली तेव्हा.

‘काका, भारी! फक्त एक सांगू का? आमच्या जहाजाला शीड नसतं. वर नुसते कंटेनर असतात.’

‘कंटेनर चौकोनी असतात?’ मी विचारलं.

‘हो. सगळे ठरावीक मापांचे.’

सोळा साधे चौकोन! एकही तिरका काप नाही, एकही कर्ण नाही. ज्याच्या पोरासाठी हे सारं चाललं होतं त्याला आधी एक फोन केला असता, तर दुपारी जेवून बसलो असतो आणि चहापर्यंत उठलो असतो. पण ज्याच्यासाठी काम करायचं त्यालाच विचारायचं, ही पद्धत आमच्या कुळात नाही. कुलवृत्तान्तातसुद्धा कुणालाच न विचारता सर्वांच्या जन्मतारखा छापल्या होत्या.

वेळ उरला नव्हता. पत्नीने चष्मा काढला, चौकोन नाकाशी धरला आणि चारी बाजूंनी निळी पट्टी लावून पावणेबाराचे साडेबारा करायला सांगितलं. ही युक्ती तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती.

“मग आधी का नाही बोललीस?”

“तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही वहीत लिहीत होता.”

पार्सल स्पीड पोस्टाने गेलं. आत्याने त्यात आपलं घडी केलेलं दुपटं सरकवलं. “जागा उरलीय तर जाऊ दे.”

मुलगी झाली. बारशाचे फोटो आले. दर्यावर्दी गोधडी दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगली आहे, कारण इतकी सुंदर वस्तू पोरीच्या अंगाखाली घालून खराब कोण करणार, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं. मध्यभागी न्यू जर्सीचं होकायंत्र, डावीकडे किल्ला, वर देवमासा. आमची होडी खालच्या कोपऱ्यात असावी, तिथे सोफ्याची पाठ येते. वरून एका शिडाचं टोक आणि कोयरीची शेपटी दिसते. पाळण्यात मुलगी झोपली आहे ती आत्याच्या दुपट्यावर. आत्याने फोटो पाहिला, ‘हं’ म्हणाली, आणि दुसरं लुगडं शोधायला कपाटाकडे वळली.

मी मशीन परत अडगळीत टाकायच्या बेतात होतो, तेवढ्यात ओसरीत माझी येऊन उभा राहिला. या वेळी बसायला न सांगता बसला.

“गुरु, एक बात कहीं? देवदीपावली आवत हौ. टूरिस्ट बहुत आई. हमरे नाव क परदा सी देबा?”

“पण माझी नाव तर फाटणार होती ना?”

“नाव फाटी,” तो समजावत म्हणाला, “सिलाई त मजबूत हौ.”

आतून पत्नीने ‘हो म्हणा’ असं ओरडून सांगितलं. मी निवृत्त माणसाच्या रुबाबात टेप उलगडला, वही उघडली, पेन्सिलीला टोक केलं. “बोला. परदा केतना चौड़ा?”

त्याने दोन्ही हात फाकवून हवेत माप धरलं, ते न्याहाळलं, थोडं आत घेतलं, पुन्हा बाहेर नेलं.

“एही समझा, चार हाथ,” तो म्हणाला. “चार हाथ से तनी कम.”